मुंडावळ्यांची लाल कळी

चिनी भाषेत दाताला पांढरा म्हणायचं तर पुढे ‘आहे’ लागत नाही, हे मला पहिल्यांदा सांगितलं लालबागच्या सुभद्राबाईंनी. आणि तेही माझ्या तोंडात लवंगेच्या तेलाचा बोळा असताना.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी रेडिओवर आली आणि आमच्या परळ-लालबागच्या रस्त्यांवर दगड, काचा आणि पोलिसांच्या गाड्या एवढंच उरलं. नेमकी तेव्हाच माझी दाढ सुजली. तीन दिवस मिठाच्या गुळण्यांवर काढले. चौथ्या दिवशी सकाळी संचारबंदी दोन तास उठली. लोक दुधापावाच्या रांगेकडे धावले आणि मी गालाला पदर लावून पोयबावडीच्या चिनी डॉक्टरकडे.

“त्याचं उघडं असेल का हो?” मी यांना विचारलं.

“त्याला ना मुंबई द्यायची ना घ्यायची,” हे म्हणाले. “तो कशाला बंद ठेवेल?”

डॉक्टर लिऊंच्या दारावर एक भलीमोठी कवळी रंगवलेली होती. गुलाबी हिरड्या, पांढरेशुभ्र दात, आणि भोवती चेहराच नाही. आत मला खुर्चीत बसवून एका बाईने मागून माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. ठेंगणी, सावळी, नऊवारी खोचलेली, कपाळ मोकळं. संचारबंदीत अडकून ती चार दिवस तिथेच राहिली होती. डॉक्टरांनी दाढेला काहीतरी टेकवलं आणि विचारलं, “थुंग पु थुंग?”

मी घाबरून तिच्याकडे पाहिलं.

“दुखतं की नाय दुखत, असं विचारतायत,” बाई म्हणाली. “खरं सांगा हां वैनी. बायका ‘नाय’ म्हणतात नि मग खुंटी धरल्यासारखा माझा हात धरतात.”

मी संस्कृत घेऊन बी. ए. झालेली. लग्नानंतर ते संस्कृत डाळी-तांदळाच्या डब्यांमागे गेलं होतं, पण कान कुठे जातात? बोळ्यातून जमेल तसं मी विचारलं, “शब्दाला शब्द लावून काय म्हणाले?”

“दुखरा न-दुखरा. त्यांच्यात ‘आहे’ लावत नाय. बोळा चावू नका.”

दाढ गेली. सुभद्राबाई राहिल्या.

खोटी दाढ बसवायला पाच-सहा खेपा झाल्या आणि त्यात ओळख वाढली. मग दुपारी दवाखाना बंद असला की त्या आमच्याकडे येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकायच्या. मी चहा टाकायची आणि शंभर पानी वही काढायची. हे घरी असले तर म्हणायचे, “चीनचा वकील आला वाटतं.” सुभद्राबाई पदर तोंडावर घेऊन हसायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या. मूळच्या कुडाळकडच्या. नवरा कुशाबा गिरणीत होता. सेहेचाळीस साली छातीच्या दुखण्याने गेला. दहा वर्षांची मुलगी घेऊन त्या लिऊंच्या दवाखान्यात केर काढायला लागल्या, आणि हळूहळू हत्यारं उकळणं, मेण मळणं, कवळ्या घासून त्यांना चकाकी आणणं, सगळं त्यांच्याकडे आलं. डॉक्टर मोडकं हिंदी बोलायचे. त्यांची बायको मात्र चिनी सोडून दुसरं अक्षर बोलत नसे. दिवसभर एका खोलीत दोन बायका. बोलल्याशिवाय किती दिवस काढणार? सुभद्राबाई चिनी शिकल्या त्या अशा, भातातले खडे वेचता वेचता.

“त्यांच्यात ‘गोड’ आपल्या पायावर उभा राहतो वैनी,” त्या म्हणाल्या. “‘आहे’चा हात धरत नाय.”

“आपणसुद्धा म्हणतो की. आंबा गोड, चिंच आंबट. संस्कृतातही चालतं.”

“आपण ‘आहे’ गिळतो. पोटात असतोच तो. त्यांच्याकडे नव्हताच मुळात. बघा, आपल्याला पाऊस पडतो, दात दुखतो, तसा त्यांचा आंबा ‘गोडतो’. ‘न’ लावायचा तर सरळ त्यालाच लावायचा: न-गोड. विचारायचं तर गोड न-गोड? आणि काल आंबट होता, आज पिकला, तर नुसता मागे ‘ल’ लावायचा. गोड ल. म्हणजे झाला आता गोड.”

मी लिहून घेत होते. ज्याला आम्ही विशेषण म्हणून नामाच्या शेजारी गप्प बसवलं, ते त्या भाषेत उठून क्रियापदाचं काम करत होतं. पण खरी गंमत पुढेच होती.

“नुसतं चांगलं म्हणायचं नाय हां मात्र. मी फसले होते. नवीन होते तेव्हा डॉक्टरांच्या म्हातारीने एकदा सूप दिलं. मी म्हटलं, ‘हाव’. हाव म्हणजे चांगलं. म्हातारीने चमचा खाली ठेवला नि विचारलं, ‘मग वाईट कुठलं?’”

“म्हणजे?”

“नुसतं ‘चांगलं’ म्हटलं की शेजारी एक वाईट येऊन उभं राहतं वैनी. दिसत नसलं तरी. हे चांगलं, म्हणजे कालचं नव्हतं. ही मुलगी उंच, म्हणजे दुसरी कोणतरी बुटकी. तसं नको असेल तर पुढे ‘हन’ लावायचं. हन हाव.”

“हन म्हणजे?”

“फार.”

“मग सगळं फारच? सूप फार चांगलं, हवा फार थंड?”

“तो फार म्हणजे फार नाय हो. तो टेकू. जोर देऊन म्हटलात तर फार, नायतर नुसता टेकू. शब्द पडू नये म्हणून.” मग स्वतःच काही आठवून त्या म्हणाल्या, “पण खऱ्या-खोट्या दाताला तो टेकू चालत नाय. दात खरा तरी असतो, खोटा तरी. फार खोटा दात म्हणजे काय? तिथे मग वेगळं बोलतात. ‘हा खोट्यातला’, असं वर्गवारी लावून. मेलेलं पण तसंच. थोडं मेलेलं, फार मेलेलं, असं कुठे असतं?”

आणि त्या हसल्या. तेव्हा त्या हसू शकत होत्या.

लिऊबाई म्हणजे डॉक्टरांची बायको. साठीची, पाखरासारखी बारीक. निळा गळाबंद अंगरखा, केसांचा अंबाडा. त्यांच्या मुलखातल्या बायका कागदाची फुलं करून विकतात म्हणे. त्याही दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून रंगीत कागदाची फुलं करायच्या. तार, कात्री आणि खळीची वाटी एवढाच पसारा. गणपतीच्या दिवसांत लालबागची मंडळं मखरासाठी टोपल्या भरभरून न्यायची. बाप्पाच्या मागचं कमळ चिनी बाईच्या हातचं आहे हे निम्म्या लालबागला ठाऊक नसायचं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना त्यात वावगं वाटत नसे.

त्यांना मूल नव्हतं. सुभद्राबाईंची कौसल्या शाळा सुटली की त्या खोलीत जाऊन बसायची. लिऊबाईंनी तिला पाकळी वळायला शिकवली, कात्रीच्या पात्यावरून कागद ओढून त्याला कुरळं करायला शिकवलं. सुभद्राबाई खोटं खोटं चिडायच्या. “माझी पोरगी मला ‘काय गो आये’ म्हणते नि तिच्याशी कशी गुलुगुलु बोलते बघा.” लिऊबाई कौसल्येकडे बोट दाखवून आल्यागेल्या पेशंटला सांगायच्या, “हन हाव.” पेशंट तोंडात मेण धरून मान डोलवायचे.

कौसल्येचं लग्न ठरलं ते लालबागच्याच जगदीशशी. गिरणीच्या फिटिंग खात्यात होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पंधरा दिवस तुरुंगात जाऊन आलेला, त्यामुळे चाळीत त्याला भाव होता. सिंहस्थ होता म्हणून वर्षभर थांबले आणि सत्तावनच्या फाल्गुनात मुहूर्त धरला. निवडणुकीचे दिवस. भिंती समितीच्या घोषणांनी रंगलेल्या. “आमच्या मांडवाला वेगळी रंगरंगोटी नको,” सुभद्राबाई म्हणायच्या, “जावयाने सगळं लालबाग रंगवून ठेवलंय.”

लग्नाच्या पंधरा दिवस आधी त्या माझ्याकडे आल्या त्या तणतणतच.

“काय झालं?”

“म्हातारीचा हात जड झाला, दुसरं काय.”

झालं होतं असं. लिऊबाईंनी स्वतःच विचारलं होतं, कौसूला काय करून देऊ? सुभद्राबाईंना वाटलं, मुंडावळ्या. खऱ्या फुलांच्या मुंडावळ्या दुपारपर्यंत कोमेजतात. ह्या कागदाच्या जपून ठेवता येतील, उद्या नातवंडांना दाखवता येतील. जाईच्या कळ्यांसारख्या बारीक, पांढऱ्याशुभ्र. पण मुंडावळी चिनी बाईला समजावायची कशी? सुभद्राबाईंनी दवाखान्यातलीच पांढरी पट्टी घेतली, आपल्या कपाळाला आडवी बांधली, दोन शेवट कानांजवळून खाली सोडले आणि म्हणाल्या, अशी. कौसूला. पांढरी फुलं.

“तिचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. पट्टी ओढून काढली माझ्या डोक्यावरची. म्हणाली, ‘पु हाव’. ‘हन’ नाय, काय नाय. वाईट! दहा वर्षांची असल्यापासून पोरगी तिच्या मांडीला मांडी लावून बसली, नि लग्नाची फुलं करायला वाईट?”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“दोघं आपसात खूप बोलली. हळू, भराभर. माझ्या कानाला सापडेना. मग ते म्हणाले, ‘बनाएगी, बनाएगी. आपका रिवाज आपका.’ नि मेण मळायला बसले.”

मी म्हटलं, वय झालंय त्यांचं, डोळ्यांना त्रास होत असेल. मलाही दुसरं काही सुचलं नाही. लग्नघरात अभद्र बोलू नये ही रीत आपल्याकडे आहे तशी त्यांच्याकडेही असणार, आणि त्या रीतीपायी डॉक्टर गप्प बसले असतील, हे माझ्या ध्यानात यायला अजून सहा महिने जायचे होते.

लग्नाच्या सकाळी मी कौसल्येला सजवायला लालबागला गेले होते. दहा बाय बाराची खोली, त्यात नऊ बायका. लिऊबाईंकडून आलेला बिस्किटांचा डबा सुभद्राबाईंनी उघडला आणि सगळ्या त्यावर वाकल्या. अशा मुंडावळ्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या, नंतरही नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या, शेकडो, प्रत्येकीचं तोंड किंचित उघडलेलं. वास येईल असं वाटावं.

“बघा,” सुभद्राबाईंचे डोळे भरून आले. “उगाच बोलले मी तिला.”

मग मुंडावळ्या बांधायला हातात घेतल्या तेव्हा दिसलं: मागे अंबाड्याखाली जिथे गाठ यायची, तिथे दोन्ही दोऱ्यांच्या टोकांना एकेक लाल कळी. गुंजेएवढी.

“हे काय मध्येच लाल?” सुभद्राबाई म्हणाल्या. “कुठल्या तरी ऑर्डरीतली राहिलेली चिकटली. दिसत नाय तिला आता. वैनी, कात्री द्या.”

“राहू दे ना गो आये,” कौसल्या म्हणाली. “केसांखाली कोणाला दिसतंय?”

“मागे कोण बसतं ठाऊक आहे? तुझ्या सासरच्या बायका. म्हणतील, उरलंसुरलं चिकटवलं.”

कात्री माझ्याजवळ होती. मी दिली. दोन लाल कळ्या गजऱ्याच्या देठांबरोबर केरात गेल्या.

लिऊ नवरा-बायको लग्नाला आले. लिऊबाई मांडवात सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. त्या कौसल्येच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, मान उंच करकरून तिच्या मानेकडे, अंबाड्याकडे बघत होत्या. मग न जेवताच निघून गेल्या. सुभद्राबाईंना ते लागलं, पण नवरीच्या आईला रुसायला वेळ कुठे असतो?

जूनमध्ये फ्लूची साथ आली. आमच्या मजल्यावर घराघरांत माणसं पडली. आमच्याकडे हे आठ दिवस झोपून होते. कौसल्येला तिसरा महिना होता. ताप आला, छाती भरली, आणि पाचव्या दिवशी ती गेली. वीस वर्षांची.

मी पोचले तेव्हा तिला बाहेर आणली होती. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं, मळवट भरलेला, केसांत वेणी. जगदीश भिंतीला टेकून उभा होता. गॅलरीच्या टोकाला लिऊबाई होत्या. कौसल्येच्या कपाळावरचं ते लालभडक कुंकू त्यांनी पाहिलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

दिवस झाल्यावर सुभद्राबाई कामावर गेल्या. घरी बसून काय करणार? पण लिऊबाई त्यांच्याशी बोलेनात. दाराकडे पाठ करून बसायच्या. त्या वर्षी गणपतीला त्यांनी फुलं केली नाहीत. मंडळाचे लोक टोपल्या घेऊन आले आणि परत गेले.

“माझं तोंड बघवत नाय तिला,” सुभद्राबाई म्हणाल्या. “मुलगी गेलेल्या बाईचं तोंड बघू नये, असं असेल त्यांच्यात.”

मग भाद्रपदातल्या एका दुपारी लिऊबाईंनी विचारलं, ती फुलं कुठे आहेत? दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई डबा घेऊन गेल्या.

पुढचं मी पाहिलेलं नाही. त्यांनी माझ्या उंबऱ्याशी बसून सांगितलं तसं लिहिते आहे. लिऊबाईंनी मुंडावळ्या मांडीवर पसरल्या. कळ्यांकडे पाहिलं नाही. बोटांनी चाचपत थेट टोकाशी गेल्या. एक टोक, दुसरं टोक. मग पुन्हा पहिलं. आणि वर बघून एवढंच विचारलं, “लाल?”

सुभद्राबाईंना कळेना. तेव्हा डॉक्टर हातातलं काम ठेवून आले आणि आपल्या मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं. आमच्यात घरचं माणूस गेलं की कपाळाला पांढरी पट्टी बांधतात. पांढरी फुलं त्याचीच. ही करायला तयार नव्हती. मीच म्हटलं, इथली रीत वेगळी. शादी के घर में बुरा बात कैसे बोलता? म्हणून हिने आपल्या समाधानासाठी टोकाला लाल लावलं. आमच्यात लाल लग्नाचं; लाल असलं की ते पांढरं बाधत नाही.

सुभद्राबाई पेशंटच्या खुर्चीत बसल्या. दहा वर्षांत पहिल्यांदा.

“मला खोटं बोलता आलं असतं वैनी. गळून पडलं म्हणाले असते. कुणाला कळलं असतं? पण बोट तिथे फिरवत होती हो ती. कात्रीने कापलेलं नि गळलेलं, फुलं करणाऱ्या बाईला कळत नाय?”

“मग?”

“म्हटलं, मी कापलं. मी. कात्रीने.”

लिऊबाईंनी मुंडावळ्या पुन्हा डब्यात ठेवल्या, घडी नीट करून. आणि म्हणाल्या, ते लाल काही नव्हतं. दोरा उसवू नये म्हणून गाठ होती. पांढरा कागद संपला म्हणून लाल लावला. काही नव्हतं.

“डॉक्टर खाली बघत होते,” सुभद्राबाई म्हणाल्या. “त्यांनी आताच तर सांगितलं होतं मला. तिने बघितलं होतं मला ऐकताना. तरी म्हणाली, काही नव्हतं.”

मी त्यांना समजावलं. कुणीही समजावेल तेच. फ्लूने गेली ती. त्या महिन्यात मुंबईत किती माणसं गेली, त्यांच्या कपाळाला कोणी काय बांधलं होतं? सुभद्राबाईंनी मान हलवली.

“कळतं मला. डोक्याला कळतं. हाताला कळत नाय.” उजवा तळवा त्यांनी लुगड्यावर पुसला, उगाचच. मग म्हणाल्या, “नि हाताचं मी बघेन. पण तिचं काय? ती समजते, तिने केलं. तिला सांगायचंय वैनी. आम्ही पोरीला पांढरं बांधून सासरी पाठवली नि लाल लावून मसणात. तिने दोन्ही बघितलं. पांढरं तिच्याकडे वाईट, कारण तिथे ते मढ्याशेजारी असतं. आमच्याकडे नवरीशेजारी असतं, तर चांगलं. रंगाला एकट्याला काय असतं? सूप चांगलं म्हटलं की विचारायची ना मला, कशाहून? तसं. एवढंच तिला सांगायचंय.”

“मग सांगा ना.”

“कुठल्या शब्दांत? माझी चिनी दातांची. हिरडी, थुंकी, भात, पाणी, कागद. कोमट पाणी मागू शकते मी. हे कसं सांगू?”

“डॉक्टरांकरवी?”

“ते असले की ती भिंतीकडे बघते.”

त्या पुढेही कामावर जात राहिल्या. दोघी पुन्हा बोलायला लागल्या. भात शिजला का, पेशंट आला का, हवा थंड झाली. लिऊबाई थोडीथोडी फुलं करू लागल्या आणि सुभद्राबाई संध्याकाळी शेजारी बसून पाकळ्या वळू लागल्या, कौसल्या बसायची त्याच पाटावर. पुढच्या वर्षी जगदीशने दुसरं लग्न केलं. आमंत्रण द्यायला आला तेव्हा सुभद्राबाईंनी त्याला चहा-पोहे केले, पाठीवर हात फिरवला आणि तो गेल्यावर खोलीला कडी लावून घेतली, असं शेजारणीने मला सांगितलं.

एकोणसाठ साली वर्तमानपत्रांत सरहद्दीच्या बातम्या यायला लागल्या. चिन्यांना भाई म्हणणारी माणसं दवाखान्यावरून जाताना नजर वळवू लागली. रंगवलेल्या कवळीवर कोणीतरी डांबर फासलं. सुभद्राबाईंनी रॉकेल घेऊन ते घासून काढलं, पण त्याबरोबर पुढचे चार दात गेले. पेशंट कमी होत होत थांबले. डॉक्टरांचा भाऊ कलकत्त्याला दातांचाच धंदा करायचा. साठ सालच्या एप्रिलअखेर दोघांनी तिकडे जायचं ठरवलं.

निघण्याच्या दिवशी सुभद्राबाई मला म्हणाल्या, “तुम्ही चला बरोबर. एकटीने नाय होणार.”

लालबागभर कमानी उभ्या राहत होत्या. पहिल्या मे रोजी महाराष्ट्र होणार, मुंबईसह. बांबू, पताका, दिव्यांच्या माळा. पोयबावडीच्या दवाखान्यात खुर्ची विकून झाली होती. जमिनीवर तिचे चार डाग तेवढे होते. कवळीची पाटी उतरवून भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली. सुभद्राबाईंनी प्रवासासाठी भाकऱ्या आणल्या होत्या, आणि पिशवीत खाली तो बिस्किटांचा डबाही होता. का आणला, त्यांनी मला सांगितलं नाही. पिशवीतून काढलाही नाही.

डॉक्टर हातगाडीवाल्याशी बाहेर बोलत होते. लिऊबाई ट्रंकेवर बसल्या होत्या, पूर्वीपेक्षा निम्म्या. सुभद्राबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. बोलायचं होतं ते तीन वर्षं मनात घोळवलेलं. मला दिसत होतं की त्या शब्द शोधतायत, हिरडी-भात-पाण्यातून शोधतायत, आणि एकही सापडत नाही. शेवटी त्यांनी लिऊबाईंचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, माझं धरलं होतं तसं, आणि तेरा वर्षं रोज ऐकलेलं तेवढंच विचारलं.

“थुंग पु थुंग?”

लिऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“पु थुंग,” त्या म्हणाल्या. नाही दुखत. आणि सुभद्राबाईंचं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

मग त्यांनी तेच उलट विचारलं. सुभद्राबाई म्हणाल्या, “पु थुंग.” मनगट कोणीच सोडलं नाही. डॉक्टरांनी बाहेरून दोनदा हाक मारली तेव्हा सुटलं.

आम्ही दोघी लालबागकडे चालत आलो. नाक्यावर कमान अर्धी उभी होती आणि शिडीवरून मंडळाचा गुणाजी ओरडला, “सुभद्रामावशी! चिनी बाई गेली म्हणतात. कमानीची फुलं आता तुमच्याकडे हां! केशरी, लाल, पांढरी, टोपलीभर!”

सुभद्राबाई थांबल्या. पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

“देते,” त्या म्हणाल्या. “पांढरी सोडून सांग.”